पृथ्वी-चंद्राची उपग्रहचित्रे खरी की बनवलेली? तपासणीच्या प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर २०२५

सुरुवात प्रश्न नीट मांडण्यापासून. "हा फोटो खरा आहे का?" याला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण वादात ओढली जाणारी चित्रे एका जातीची नाहीतच. अपोलो १७ मधून ७ डिसेंबर १९७२ ला काढलेले पूर्ण पृथ्वीचे छायाचित्र म्हणजे ७० मिमी फिल्मवरची एकच फ्रेम, ८० मिमी भिंगातून, सुमारे २९ हजार किमीवरून. २००२ आणि २०१२ ची नासाची 'ब्लू मार्बल' चित्रे खालच्या कक्षेतल्या उपग्रहांच्या पट्ट्या जोडून केलेली आहेत. जपानच्या हिमावारी किंवा भारताच्या इन्सॅट या हवामान उपग्रहांची पूर्ण चकती ओळीओळीने वाचलेली असते. डिस्कव्हर उपग्रहावरच्या एपिक कॅमेऱ्याची चित्रे तीन वेगवेगळ्या रंगगाळण्यांतून, वेगवेगळ्या क्षणी टिपून एकत्र केलेली.

म्हणून प्रत्येक चित्रासाठी पाच गोष्टी आधी लिहायच्या असे ठरले: कॅमेरा कोणता, अंतर किती, वेळ कोणती (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेमध्ये), किती तुकडे किंवा रंगपट्टे जोडले, आणि मूळ मोजमापांची फाइल कुठून मिळते. पाचवा रकाना रिकामा राहिला तर ते चित्र यादीबाहेर. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत तर अजिबात नको. तिथे चित्र पुन्हा दाबले जाते, आकार घटतो, फाइलमधली वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती पुसली जाते.

१८ नोव्हेंबर

सर्वांत जास्त फिरणारा आक्षेप पहिल्यांदा घेतला: "चित्राचा उजेड वाढवला की पृथ्वीभोवती किंवा चंद्राभोवती चौकोन दिसतो, म्हणजे कापून चिकटवले आहे."

चौकोन दिसतो हे खरे आहे. तो कुठून येतो ते तपासायला उलटी चाचणी लावली. कॅमेऱ्यातून थेट घेतलेली चंद्राची कच्ची फाइल जिंप या चित्र-संपादकात उघडली आणि दोन प्रती केल्या: एक पीएनजी (काही न गाळता जतन केलेली), दुसरी ७० गुणवत्तेची जेपेग (माहिती गाळून दाबलेली). दोन्हींत 'पातळ्या' उघडून पांढऱ्याची मर्यादा २५५ वरून १५ वर आणली. पीएनजीत चंद्राभोवती सगळीकडे सारखा बारीक दाणा दिसला. जेपेगमध्ये चंद्राला चिकटून पायऱ्यापायऱ्यांचा चौकोनी पट्टा उमटला आणि त्यापलीकडे शुद्ध काळे.

कारण जेपेगच्या रचनेत आहे. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे ठोकळे पाडते. रंगाची माहिती अर्धी केली असेल तर रंगाचे ठोकळे १६ × १६ जागा व्यापतात. संपूर्ण काळ्या आकाशातल्या ठोकळ्यातला दाणा दाबताना शून्य होतो. ज्या ठोकळ्यातून चंद्राची कड जाते, त्यात कडेच्या तीव्र बदलामुळे लहरी उरतात. त्यामुळे "चौकोनाच्या" कडा नेहमी ८ किंवा १६ च्या पटीत बसतात. ही मोजणी निर्णायक आहे. खरोखर चिकटवलेल्या तुकड्याची कड कुठल्याही पिक्सेलवर येऊ शकते, ती ८ च्या पटीचा नियम पाळेलच असे नाही. मात्र चित्र कापून पुन्हा जतन केले असेल तर जुन्या ठोकळ्यांची जाळी ३ किंवा ५ पिक्सेलने सरकलेली सापडते. अशी सरकलेली जाळी म्हणजे कुणीतरी कड छाटली एवढाच अर्थ. चित्र बनावट असल्याचा तो पुरावा होत नाही.

'एरर लेव्हल' (चित्र पुन्हा दाबल्यावर कुठे किती फरक पडतो ते) दाखवणारी संकेतस्थळे या कामातून बाद केली. त्यांच्या उजळ भागांचा अर्थ दाबणीच्या इतिहासावर अवलंबून असतो, आणि तो इतिहास आपल्याकडे नसतो.

२२ नोव्हेंबर

दुसरा आक्षेप: "प्रत्येक चित्रात खंडांचा आकार वेगळा. २०१२ च्या चित्रात उत्तर अमेरिका अर्धी पृथ्वी व्यापते, दुसऱ्या चित्रात ती लहान."

हा आक्षेप मोजून पाहण्यासारखा आहे, कारण यात उंची लपलेली असते. पृथ्वीच्या केंद्रापासून कॅमेऱ्याचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येत मोजायचे. ६,३७१ किमी म्हणजे १. त्या अंतराने १ ला भागून आलेल्या संख्येची व्यस्त कोज्या घेतली की चकतीच्या मध्यापासून क्षितिज किती अंशांवर आहे ते मिळते. २,००० किमी उंचीवरून ४०.४ अंश, १२,७४३ किमीवरून ७०.५, भूस्थिर कक्षेतून (३५,७८६ किमी) ८१.३, आणि १५ लाख किमीवरून जवळजवळ पूर्ण ९० अंश. म्हणजे जवळून पाहिले की गोलाचा लहान तुकडाच संपूर्ण "चकती" म्हणून दिसतो.

भारताची उत्तर-दक्षिण लांबी ढोबळमानाने २९ अंश धरली आणि भारत चकतीच्या मधोमध आहे असे मानले. मध्यापासून १४.५ अंशांवरचा बिंदू चकतीच्या त्रिज्येच्या किती भागावर पडतो? त्या कोनाची ज्या, गुणिले (अंतराचा वर्ग वजा १) याचे वर्गमूळ, भागिले (अंतर वजा त्या कोनाची कोज्या). निकाल असे:

१५ लाख किमी: भारत चकतीच्या उंचीच्या २५ टक्के
३५,७८६ किमी: २९ टक्के
१२,७४३ किमी: ३५ टक्के
२,००० किमी: ६२ टक्के

भूभाग तोच, अडीचपट फरक, आणि चारही बरोबर. ज्याला पटत नसेल त्याने शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा, एकदा मोबाइल २० सेंमीवर धरून आणि एकदा खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून झूम करून फोटो काढावा, आणि दोन्ही चकत्या एका आकाराच्या करून शेजारी ठेवाव्यात.

२०१२ च्या पूर्व गोलार्धाच्या चित्राबाबत नासाने स्वतःच सांगितले आहे की सुओमी एनपीपी उपग्रहाच्या २३ जानेवारी २०१२ च्या सहा फेऱ्यांची मोजमापे १२,७४३ किमी उंचीवरून पाहिल्यासारखी मांडली आहेत. उपग्रह स्वतः ८२४ किमीवर असतो. तिथून क्षितिज फक्त २७.७ अंशांवर. एका नजरेत पूर्ण चकती त्याला दिसूच शकत नाही. त्या अर्थाने हे चित्र "काढलेले" नाही, "मांडलेले" आहे, आणि तसे म्हणण्यात कमीपणा नाही. त्यात समुद्रावर दिसणारे चार उभे फिकट पट्टे म्हणजे त्या त्या फेरीत पाण्यावरून परावर्तित झालेले ऊन. बनावट करणाऱ्याने ते पहिल्यांदा पुसले असते.

२३ नोव्हेंबर

२००२ च्या चित्रातले जुळे ढग. या बाबतीत आक्षेप घेणारे बरोबर आहेत, आणि ते स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे: त्या चित्रात ढगांचे काही तुकडे एकाहून जास्त ठिकाणी आहेत.

तपासायची रीत सोपी. चित्रातून ६४ × ६४ पिक्सेलचा ढगाचा तुकडा घ्यायचा, तो बाकीच्या चित्रावर सरकवत प्रत्येक जागी सहसंबंध (दोन तुकडे किती जुळतात त्याचा आकडा) काढायचा. निसर्गातले दोन ढग एकमेकांसारखे दिसले तरी पिक्सेल-पिक्सेल जुळत नाहीत. तुकडा कडेकडे नेऊन वाकवला असेल तर ही चाचणी हुकते, म्हणून शोध चकतीच्या मध्याजवळ आधी करायचा.

जोडकामाची गरज का पडली याचे एक कारण कक्षेच्या गणितातून निघते. २००२ च्या चित्रामागचा टेरा उपग्रह ७०५ किमीवर, फेरी सुमारे ९९ मिनिटांची. तेवढ्यात पृथ्वी २४.७ अंश फिरते, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे २,७५० किमी. त्याच्यावरच्या मोडिस उपकरणाचा पट्टा मात्र २,३३० किमी रुंद. दोन फेऱ्यांमध्ये विषुववृत्ताजवळ चारशे किमीच्या आसपास फट राहते, ती दुसऱ्या दिवशीच्या मोजमापांनी किंवा हाताने भरावी लागते. २०१२ च्या चित्रामागच्या, सुओमी एनपीपीवरच्या विर्स उपकरणाचा पट्टा ३,००० किमीहून जास्त रुंद, आणि ८२४ किमी उंचीवर फेऱ्यांमधले अंतर सुमारे २,८२० किमी. तिथे फट पडतच नाही. दोन चित्रांतला हा फरक दोन्ही उपकरणांच्या रुंदीशी इतका नेमका जुळतो की जुळ्या ढगांवरून "उपग्रहच नाहीत" असा निष्कर्ष टिकत नाही. "२००२ चे चित्र एका क्षणाचे छायाचित्र नाही" एवढा निष्कर्ष टिकतो, आणि तो मान्य.

२८ नोव्हेंबर

आज शुद्ध अष्टमीच्या आसपासचा चंद्र. भारतीय वेळेनुसार दुपारी साडेबाराच्या सुमारास तो नेमका अर्धा झाला. संध्याकाळी साडेसातला टिपण.

साहित्य: ३०० मिमी भिंग, ४ मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर, तिपाई, दोन सेकंदांचा टायमर. छिद्र एफ/८, आयएसओ २००, १/१२५ सेकंद. या जोडणीत चंद्राची प्रतिमा सुमारे २.७ मिमी, म्हणजे ७०० पिक्सेलच्या आतबाहेर. एका पिक्सेलला ५ किमी. चाळीस फ्रेम घेऊन सर्वांत ठळक दहा एकावर एक रचल्या. एकेका फ्रेमवर मोजमाप करू नये, हवेच्या थरथरीने कड दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे होते. स्वयंचलित मोजणीवर कॅमेरा सोडला तर काळ्या आकाशामुळे तो चंद्र पांढराफटक जाळून टाकतो. उजेड हातानेच ठरवायचा.

ही तुलना चंद्राच्या उपग्रहचित्रांसाठी आहे. नासाचे एलआरओ यान २००९ पासून चंद्राभोवती आहे. त्याच्या लेसर उंचीमापकाने केलेल्या नकाशावरून नासा वर्षातल्या प्रत्येक तासाचा चंद्र आगाऊ काढून ठेवते. त्यातले १४:०० यूटीसीचे चित्र घेतले, आपले चित्र त्याच आकाराचे करून फिरवले, आणि प्रकाश-अंधाराच्या सीमेजवळच्या सावल्या ताडून पाहिल्या. टॉलेमी, अल्फॉन्सस, आर्झाखेल ही विवरांची रांग या तिथीला सीमेच्या आसपास येते. विवराच्या काठाची सावली तळावर कुठवर पोचते ते काठाच्या उंचीवर ठरते. अपेनाइन पर्वतरांगेचेही तसेच. आपल्या ५ किमीच्या पिक्सेलला जेवढे कळते तेवढ्यात तफावत नाही. शिवाय चंद्राचे डोलणे: क्रिसियम समुद्र (चंद्रावरचे एक काळपट मैदान) पूर्व कडेपासून किती दूर आहे हे दर महिन्याला बदलते, तेही जुळले.

नकाशातल्या उंच्या मनाने भरल्या असत्या तर रोज रात्री बदलणाऱ्या सावल्यांशी त्या जुळत राहिल्या नसत्या, आणि ही तपासणी तीनशे मिमीच्या भिंगाने कुठल्याही गच्चीवरून होते. या प्रकल्पातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भक्कम चाचणी आमच्या मते हीच.

३० नोव्हेंबर

दित्वा चक्रीवादळ २८ तारखेला श्रीलंकेवर होते. तिथे जीवितहानी मोठी झाली आहे, आणि अशा वेळी "ही चित्रे संगणकात बनवतात" हे म्हणणे निरुपद्रवी राहत नाही. त्याच चित्रांवरून किनाऱ्यावरच्या माणसांना हलवले जाते.

आक्षेप असा: इन्सॅट-३डीएस आणि हिमावारी-९ यांची एकाच वेळेची चित्रे नकाशावर बसवली तर वादळाचा वरचा ढग दोन वेगळ्या जागी दिसतो. निरीक्षण बरोबर. कारण दृष्टिभेद.

इन्सॅट-३डीएस ८२ अंश पूर्वेवर, श्रीलंकेच्या जवळजवळ डोक्यावर. हिमावारी-९ आहे १४०.७ अंश पूर्वेवर. ८ उत्तर, ८१ पूर्व या बिंदूवरून पाहिले तर हिमावारी क्षितिजापासून फक्त २२ अंश उंच दिसतो. १५ किमी उंचीचा ढगमाथा तिरक्या नजरेने जमिनीवर प्रक्षेपित केला की तो १५ गुणिले ६८ अंशांची स्पर्शज्या, म्हणजे सुमारे ३७ किमी पश्चिमेला सरकतो. इन्सॅटसाठी हेच सरकणे अडीच किमीच्या आसपास. त्यामुळे उंच ढग ३५ किमीच्या आसपास हलायला हवा, खालचा ढग थोडाच, आणि किनारपट्टी अजिबात नाही. तिन्ही गोष्टी एकत्र तपासायच्या. एकाच चित्राची दुसरी प्रत करून जागा सरकवली असती तर सगळे सारखेच सरकले असते.

चूक होण्याची जागा: दोन्ही चित्रांची वेळ. इन्सॅटचे चित्र अर्ध्या तासाने, हिमावारीचे दर दहा मिनिटांनी. फाइलवरची वेळ वाचन सुरू झाल्याची असते. चकती वरून खाली वाचली जाते, त्यामुळे ८ अंश उत्तरेची ओळ काही मिनिटे नंतरची. १० मिनिटांची चूक आणि ताशी ६० किमीचा वारा म्हणजे १० किमीचा खोटा फरक.

६ डिसेंबर

डिस्कव्हर उपग्रहावरच्या एपिक कॅमेऱ्याने १६ जुलै २०१५ ला टिपलेली मालिका: चंद्र पृथ्वीच्या पुढून जातो आहे. जगभर सर्वांत जास्त "खोटे" ठरवले गेलेले हे चित्र. यावर दोन दिवस दिले.

कॅमेरा: ३०.५ सेंमी दुर्बीण, २०४८ × २०४८ पिक्सेलचा सेन्सर, दृष्टिक्षेत्र ०.६२ अंश. म्हणजे एका पिक्सेलला १.०९ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). उपग्रह सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किमीवर. तिथून पृथ्वी ०.४९ अंशांची, सुमारे १,६०० पिक्सेल रुंद.

"चंद्र फार मोठा दिसतो" हा आक्षेप. चंद्राचा व्यास पृथ्वीच्या ०.२७३. पण चंद्र कॅमेऱ्याच्या बाजूला आहे. त्या दिवशी तो ५ जुलैचा उपभू (पृथ्वीला सर्वांत जवळचा) बिंदू सोडून अपभू (सर्वांत दूरच्या) बिंदूकडे निघालेला, पृथ्वीपासून ३.९ ते ४ लाख किमीवर. १५ लाखांतून ते वजा केले की कॅमेऱ्यापासून ११ लाख किमी. ०.२७३ गुणिले १५ भागिले ११.०५ बरोबर ०.३७. उपग्रहाचे अंतर थोडे कमीजास्त धरले तरी गुणोत्तर ०.३६ ते ०.३८ मध्येच राहते. चित्रात दोन्ही चकत्यांच्या कडांवर प्रत्येकी बारा बिंदू घेऊन वर्तुळे बसवली. गुणोत्तर याच पट्ट्यात पडते. नुसते पुस्तकी प्रमाण घेऊन चंद्र चिकटवला असता तर ०.२७ आले असते. पट्टीने व्यास मोजू नये. पृथ्वीची कड वातावरणामुळे मऊ असते आणि एका बाजूला बारीकशी सावली असते, तिथे दहा-बारा पिक्सेल सहज चुकतात.

"हा आपला चंद्र नाही" हा दुसरा आक्षेप. बरोबर, पृथ्वीवरून दिसणारी बाजू नाहीच ती. कॅमेरा चंद्राच्या मागून पाहतो आहे. वर डावीकडचा काळा डाग मॉस्को समुद्र, खाली डावीकडे त्सिओल्कोव्स्की विवर. लुना ३ यानाने ऑक्टोबर १९५९ मध्ये पाठवलेल्या अस्पष्ट चित्रांतही हे डाग ओळखता येतात.

चंद्र काळपट का? तो गडद दगडाचा, सरासरी परावर्तन १२ टक्क्यांच्या आसपास. ढगांसह पृथ्वीचे ३०. रात्री तो पांढरा भासतो कारण शेजारी तुलनेला काही नसते.

७ डिसेंबर

चंद्राच्या कडेचा हिरवा, लाल-निळा किनारा. "चिकटवताना राहिलेली कड" असे याला म्हणतात.

एपिक रंगीत कॅमेरा नाही. निळ्या (४४३ नॅनोमीटर), हिरव्या (५५१) आणि लाल (६८०) गाळणीतून एकामागून एक, सुमारे ३० सेकंदांच्या अंतराने चित्रे घेतली जातात. चंद्र सेकंदाला सुमारे १ किमी सरकतो: ३० सेकंदांत ३० किमी. चंद्राच्या अंतरावर एक पिक्सेल ५.८ किमीचा. म्हणजे दोन रंगांत पाच पिक्सेलची तफावत यायलाच हवी, आणि ती चंद्राच्या प्रवासाच्या दिशेतच हवी, वर-खाली नको. तिन्ही रंग वेगळे काढून चंद्राचे वर्तुळ तिन्हींत बसवले आणि केंद्रांची तुलना केली तर हे तपासता येते. पूर्ण आकाराचीच फाइल घ्यावी. बातम्यांतल्या लहान केलेल्या प्रतीत पाच पिक्सेलचे एक-दोन होतात आणि मोजणी निरर्थक ठरते. बहुतेक रंगपट्टे यानावरच २ × २ पिक्सेलची सरासरी करून पाठवले जातात, त्यामुळे अर्ध्या-पाव पिक्सेलच्या अचूकतेचा आग्रह धरू नये.

किनारा नसता तर खरी शंका घ्यायला जागा होती.

सावलीचा प्रश्न: "चंद्र समोर आहे तर पृथ्वीवर त्याची सावली का नाही?" अमावास्या १६ जुलैला ०१:२४ यूटीसीला झाली. चित्रे १९:५० पासून पुढची, म्हणजे १८ ते २३ तासांनंतरची. तोवर चंद्र सूर्यापासून साधारण १० अंश दूर गेला होता. ४ लाख किमीच्या अंतरावर १० अंश म्हणजे त्याची सावली पृथ्वीला ६० हजार किमीहून जास्त अंतराने चुकते. मग कॅमेऱ्याला तो पृथ्वीपुढे कसा दिसला? डिस्कव्हर बरोबर सूर्य-पृथ्वी रेषेवर बसत नाही. तिथे सूर्याच्या रेडिओ गोंगाटात त्याचे संदेश बुडाले असते. तो रेषेपासून काही अंश दूर राहून घिरट्या घालतो. सावली पाहायची असेल तर २१ ऑगस्ट २०१७ च्या खग्रास सूर्यग्रहणाची एपिक चित्रे शोधून काढावीत. तिथे सावली अमेरिकेवरून सरकताना दिसते, चंद्र मात्र चौकटीत नाही. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की भूमिती आपोआप उलगडते.

१४ डिसेंबर

कुणाच्याही संकेतस्थळावर न विसंबता थेट उपग्रहाकडून चित्र घेणे. जुन्या मार्गदर्शिकांतले नोआ १५, १८, १९ हे अमेरिकेचे हवामान उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले, त्यांच्या वारंवारिता शोधत बसू नये. आता रशियाचे मेटिऑर-एम एन२-३ आणि एन२-४, दोन्ही १३७.९ मेगाहर्ट्झवर, ८२० किमीच्या आसपास उंचीवर.

अँटेना: ५३.४ सेंमीच्या दोन ॲल्युमिनियम काड्या, मध्ये १२० अंशांचा कोन, जमिनीला समांतर, कोनाचे उघडे तोंड उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे. काड्या प्लास्टिकच्या स्क्रू-कनेक्टरमध्ये घट्ट. एकीला केबलची मधली तार, दुसरीला जाळी. केबल पाच मीटरच्या आत. आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ), लॅपटॉपवर सॅटडम्प (संदेशातून चित्र काढणारी प्रणाली). त्यात मेटिऑर एलआरपीटी (या उपग्रहांच्या संदेशाचा प्रकार) ७२ हजारची साखळी निवडायची.

पहिल्या दोन फेऱ्यांत काही आले नाही. कारणे दोन. शहरात एफएम केंद्रांचा जोर इतका की डोंगल बधिर होतो. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारी गाळणी लावल्यावर तळाचा गोंगाट उतरला. आणि गच्चीवरच्या एलईडी दिव्याचा चालक (ड्रायव्हर), म्हणजे त्याला वीज पुरवणारे सर्किट. तो बंद करावा लागला. तिसऱ्या फेरीत चित्र आले, मध्ये काळ्या पट्ट्यांसह: उपग्रह क्षितिजाजवळ असताना जुळणी तुटते, तेवढ्या ओळी कायमच्या गेल्या. भरून काढू नयेत, तशाच ठेवाव्यात.

पुरावा म्हणून चित्रापेक्षा डॉप्लर (उपग्रहाच्या वेगामुळे वारंवारितेत पडणारा फरक) जास्त मोलाचा. उपग्रह येताना वारंवारिता सुमारे ३ किलोहर्ट्झ वर, डोक्यावर शून्य, जाताना ३ खाली. गच्चीपलीकडच्या टॉवरवरून कुणी संदेश सोडला तर असा वक्र येत नाही. मात्र हा संदेश शंभर किलोहर्ट्झच्या आसपास रुंद, त्यामुळे धबधब्यासारख्या आलेखावर ३ किलोहर्ट्झची सरक डोळ्यांना जेमतेम कळते. सॅटडम्प जुळवलेली वारंवारिता आकड्यात दाखवतो, ती दर ३० सेकंदांनी लिहून घ्यावी. स्वस्त डोंगलची चूक ४० पीपीएम (दहा लाखांत ४०) असली तर तीच साडेपाच किलोहर्ट्झ होते. एक पीपीएमचा स्थिर आंदोलक असलेला डोंगल घ्यावा आणि वीस मिनिटे गरम होऊ द्यावा.

मिळालेल्या चित्रात कोकण किनारा, घाटाची कड आणि त्या वेळी डोक्यावर असलेले विरळ ढग. चित्राच्या दोन्ही कडा दाबलेल्या दिसतात, त्याचे कारण तिरकी नजर. तिथला एक पिक्सेल जमिनीवर मध्यापेक्षा कितीतरी जास्त रुंद असतो.

२१ डिसेंबर

आज अयनदिन. दक्षिण ध्रुवाकडच्या भागात चोवीस तास ऊन, उत्तर ध्रुवावर चोवीस तास अंधार. पूर्ण चकतीच्या चित्रांत हे दिसलेच पाहिजे.

दुपारी १२ च्या (०६:३० यूटीसी) इन्सॅट चित्रात वरची टोपी काळी, खालची कड उजळ. अवघड चाचणी मध्यरात्रीची. हिमावारीच्या रेखावृत्तावर मध्यरात्र १४:३७ यूटीसीला. नेमके १४:४० चे आणि ०२:४० चे चित्र कधीच नसते, ती वेळ उपग्रहाच्या देखभालीची. "फ्रेम गाळतात" ही तक्रार इथूनच येते. १४:३० चे दृश्य प्रकाशातले चित्र घ्यायचे. सगळी चकती काळी, पण तळाशी अंटार्क्टिकाची उजेडाची बारीक कोर: ७५ अंश दक्षिणेवर मध्यरात्रीही सूर्य ८.४ अंश वर असतो.

रंगांबाबत एक टीप. इन्सॅटच्या प्रतिमा घेणाऱ्या उपकरणात दृश्य प्रकाशाचा एकच पट्टा आहे, म्हणून त्याची रंगीत चित्रे मूळचीच कृत्रिम रंगांची. अवरक्त चित्रात थंड ढग पांढरा दाखवणे हा संकेत आहे, मोजलेले असते तापमान. रंग "बनवलेले" आहेत हे मान्य करून आकार, जागा आणि वेळ यांवर वाद घालावा.

२८ डिसेंबर

चंद्रावरची उतरण्याची ठिकाणे. "हबल अवकाश दुर्बिणीने झेंडा का दिसत नाही?" २.४ मीटर आरशाचा बारकावा ०.०६ विकला, चंद्राच्या अंतरावर ते १०० मीटर होतात. प्रश्न संपला.

एलआरओचा अरुंद कॅमेरा अर्ध्या मीटरचा पिक्सेल देतो, चंद्रयान-२ चा ओएचआरसी कॅमेरा १०० किमीवरून पाव मीटरचा. अपोलो ११ ची जागा (०.६७ उत्तर, २३.४७ पूर्व) दोघांनीही टिपली आहे. दोन देश, दोन कॅमेरे, वेगळा सूर्यकोन. चाचणी सावलीची: उतरलेल्या यानाचा मागे राहिलेला खालचा टप्पा ३.२ मीटर उंच. सूर्य १० अंशांवर असेल तर सावली १८.१ मीटर, २५ अंशांवर ६.९, ६० अंशांवर १.८. एलआरओच्या पिक्सेलमध्ये ३६, १४ आणि ४.

पहिल्या फेरीत आकडे भलतेच आले. फाइलच्या माहितीत 'आपाती कोन' दिलेला असतो, तो उभ्या रेषेपासून मोजतात. सूर्याची उंची हवी असेल तर ९० तून वजा करायचा. ही चूक इतकी सहज होते की तपासणीच्या तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना केला. दुसरी नेहमीची चूक: चित्र उलटे धरले की विवरे टेकड्यांसारखी दिसतात. ऊन वरून येईल असे चित्र फिरवून मगच मोजावे.

झेंड्यांबद्दल एलआरओच्या चित्रांतून जे निघाले ते बहुतेकांना ठाऊक नसते: अपोलो ११ चा सोडून बाकी ठिकाणी झेंड्यांच्या सावल्या दिसतात.

४ जानेवारी २०२६

उरलेले एक काम: भूस्थिर उपग्रहाच्या चित्रात पृथ्वीच्या कडेलगत कधीकधी चंद्र उगवतो, आणि तो लंबगोल किंवा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. कालच्या पौर्णिमेला शोधला, सापडला नाही. चूक नियोजनाची. पौर्णिमेला चंद्राची क्रांती (विषुववृत्ताच्या प्रतलापासूनचा कोन) +२५ अंशांच्या वर होती. उपग्रह विषुववृत्तावर, पृथ्वीची चकती मध्यापासून फक्त ८.७ अंश. चंद्र चौकटीच्या कितीतरी वरून गेला. पौर्णिमेशी याचा संबंध नाही, क्रांती ८ अंशांच्या आत हवी.

तशी ती ७-८ जानेवारीला येते. उपग्रहावरून चंद्र ताशी सुमारे १३ अंश सरकताना दिसतो, म्हणून कडेलगत तो फार तर एक-दोन चित्रांत सापडेल. दोन्ही दिवसांच्या दहा-दहा मिनिटांच्या सर्व फाइली उतरवून ठेवायच्या. हिमावारी चकती २३ आडव्या पट्ट्यांत वाचतो. दोन पट्ट्यांमधल्या अर्ध्या मिनिटात चंद्र आपल्या रुंदीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढा सरकायला हवा. पायरीची रुंदी पिक्सेलमध्ये मोजून या आकड्याशी ताडायची. पट्ट्यांची जोडरेषा चंद्राच्या मधून जात असेल असेच चित्र निवडावे. एकाच पट्टीत मावलेल्या चंद्रावर पायरी दिसणार नाही.